एस्प्रेसो मशीन घ्यायचंय? आधी कप मोजा, प्लग बघा, पाणी तपासा

सोलापुरात ‘एक्स्प्रेसो’ म्हटलं की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यासमोर लग्नाचा हॉल येतो. कोपऱ्यात उभं असलेलं ते चकचकीत भांडं, सूं सूं करणारी वाफेची नळी, वरून भुरभुरलेली चॉकलेट पावडर आणि हातात फेसाळ, गोड कप. ती कॉफी मला मनापासून आवडते. पण घरासाठी मशीन घ्यायला निघालेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की ती वाफेवर फेसाळलेली दुधाची कॉफी आहे. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीच्या दाबून बसवलेल्या थरातून साधारण ९ बार दाबाने गरम पाणी ढकलून, अर्ध्या मिनिटात काढलेला दोन-तीन घोटांचा दाट अर्क. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला जादा दाब जेमतेम १ बार असतो. त्याच्या नऊपट दाब घरच्या ओट्यावर तयार करायचा, म्हणून ह्या मशीनला पैसे पडतात.

हा फरक जुना आहे. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी पेटंट घेतलेलं मशीन वाफेच्याच जोरावर चालायचं आणि दाब फारच कमी असायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजिया यांच्या दांड्याच्या मशीनने तो ८-९ बारपर्यंत नेला आणि कपावर तांबूस फेसाचा थर दिसू लागला. तोच क्रेमा. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई६१ मशीनमध्ये दांड्याचं काम विजेच्या पंपाकडे गेलं. आज दोन लाखांच्या घरगुती मशीनला समोर जो जाडजूड चकचकीत धातूचा भाग असतो, तो पुष्कळदा ह्याच ई६१चा वंशज असतो. आणि चार-पाच हजारांत ‘एस्प्रेसो मेकर’ म्हणून मिळणारं, खोक्यावर ३.५ किंवा ५ बार लिहिलेलं मशीन अजून बेझेरांच्याच घराण्यातलं आहे. त्यात पंप नसतो. त्यातली कॉफी कडक होते, दुधात छान लागते, पण ती एस्प्रेसो नव्हे.

गेल्या दिवाळीपासून नात्यातल्या आणि कॉलनीतल्या सहा-सात जणांनी मला विचारलं, “स्वस्तातलं घेऊ का एकदाच चांगलं घेऊ?” प्रत्येकाला मी एकच सांगितलं, की मशीन सगळ्यात शेवटी निवडा. आधीच्या चार गोष्टी नीट झाल्या, तर कोणतं मशीन घ्यायचं ते आपोआप ठरतं. त्या राहिल्या, तर दीड लाखाचं मशीनही आंबट पाणी काढतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १ : घरातले कप मोजा

आठवडाभर एक कागद फ्रिजवर चिकटवा आणि कोण, किती वाजता, काय पितं ते लिहा. काळी कॉफी पिणारे किती, दुधाची पिणारे किती, सकाळी एकाच अर्ध्या तासात किती कप लागतात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दिवसभरात सहा कप वेगवेगळ्या वेळी करणं आणि सकाळी साडेसातला शाळेच्या रिक्षाआधी चार दुधाचे कप करणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. महागड्या मशीनचे निम्मे पैसे ह्या दुसऱ्या प्रकारच्या घरासाठीच असतात.

पायरी २ : प्लग बघा

लहान मशीन १००० ते १४५० वॉटचं असतं. ग्राइंडरसकट येणारं मधल्या दर्जाचं मशीन १८५० वॉटपर्यंत जातं. १८५० ला २३० व्होल्टने भागलं तर ८ अँपिअर होतात. ओट्यावरचा मिक्सरचा साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. आमच्याकडे वायरमन आला तेव्हा त्याने प्लगकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, ह्या पॉइंटवर गिझर लावाल का तुम्ही? मग हे बी लावू नका. फ्रिजच्या मागनं सोळाची लाइन ओढून देतो.” तासाभरात काम झालं. अर्थिंगही त्याच वेळी तपासून घ्या. पाणी आणि वीज एकाच डब्यात असलेलं यंत्र आहे हे.

उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्याचाही हिशेब धरा. २३० चं १९० झालं तर हीटरची ताकद दोन-तृतीयांशावर येते आणि मशीन तापायला दीडपट वेळ लागतो. पंखे-दिव्यांच्या घरगुती इन्व्हर्टरवर हे मशीन चालवायचा प्रयत्न करू नका.

आणखी एक. सोलापुरातल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाने हौसेने बॅगेतून मशीन आणलं. लावण्याआधी पाठीवरचं लेबल वाचलं, १२० व्होल्ट लिहिलं होतं, म्हणून निभावलं. तिकडचं मशीन आपल्या प्लगला थेट लावलं तर पहिल्याच दिवशी जळतं. ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण दीड हजार वॉट पेलणारा ट्रान्सफॉर्मर उचलायला जड आणि ओट्यावर जागा खाणारा असतो. नातेवाइकांना प्रेमाने सांगा, मशीन नको, चांगला हातग्राइंडर आणा.

पायरी ३ : पाणी

इथे जरा थांबतो, कारण सोलापुरात मशीन मरतात ती पाण्याने.

उजनीचं पाणी आपल्याकडे काही दिवसांआड येतं. मग ते टाकीत, पिंपात साठतं. कमी पडलं की बोअर, नाहीतर टँकर. बोअरचं पाणी किती जड आहे हे गिझर आणि बाथरूमचे नळ रोज सांगत असतात. नळाच्या तोंडाशी साचणारा तो पांढरा, खरवडूनही न निघणारा थर पाहा. तोच थर मशीनच्या आत दोन-तीन मिलिमीटरच्या नळ्यांमध्ये बसतो, फक्त तिथे तो दिसत नाही.

माझं पहिलं मशीन १४ महिन्यांत बंद पडलं. आधी कॉफी थोडी कमी गरम येऊ लागली, मग वाफ मंदावली, मग पंप नुसता घरघरत राहिला. दुरुस्तीवाल्याने ते माझ्यासमोर खोललं. पाणी तापवणारा भाग टेबलावर हलकेच आपटला, तर त्यातून अंड्याच्या कवचासारख्या पांढऱ्या पापुद्र्या पडल्या. त्याने त्या बोटाने गोळा करून कागदावर ठेवल्या आणि विचारलं, “पाणी कुठलं घालता?” बोअरचंच घालत होतो मी. वॉरंटी वर्षाची होती, आणि क्षाराने झालेलं नुकसान तसंही वॉरंटीत बसत नाही. मशीनमध्ये दोष नव्हता. तेव्हापासून मी मशीनआधी पाण्याबद्दल विचारतो.

तीन-चारशे रुपयांचा टीडीएस मीटर आणा. टीडीएस म्हणजे पाण्यातला एकूण विरघळलेला भाग. तो म्हणजे पाण्याचा जडपणाच असं नाही, पण घरच्या घरी अंदाज बांधायला पुरेसा आहे. कॉफीसाठी १५० च्या आसपासचं पाणी चांगलं मानतात. आमच्याकडे नळाचं पाणी ३५० दाखवतं, आरओचं ४०, आणि बोअरला मीटर हजाराच्या वर जातो.

मग आरओचंच पाणी घालावं का? नुसतं नको. अगदी कोऱ्या पाण्यात कॉफीचा अर्क नीट उतरत नाही, चव पोकळ लागते. शिवाय काही बॉयलरवाल्या मशीनमध्ये पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर पाण्यातल्या क्षारांतून जाणाऱ्या विजेवर चालतो. क्षारच नसले तर बॉयलर भरलाय हे त्याला कळत नाही. म्हणून मी दोन भाग आरओ आणि एक भाग नळाचं गाळलेलं पाणी मिसळतो. (४० + ४० + ३५०) भागिले ३, म्हणजे १४३. दर रविवारी पाच लिटरची एक बरणी तयार करून ठेवतो, आठवडा निघतो. बोअरचं पाणी मिसळणीलाही वापरू नका. त्यात क्लोराइड जास्त असेल तर ते स्टीललाही खातं. तुमच्या आरओला टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असेल, तर तंत्रज्ञाकडून तो १२०-१५० वर लावून घेतला की मिसळायचीही गरज नाही.

पायरी ४ : ग्राइंडर

पहिल्यांदा घेणारे बहुतेक जण इथेच काटकसर करतात आणि नंतर मशीनला दोष देतात.

शेंगाचटणीत काही कण जाडसर आणि काही अगदी बारीक असावेच लागतात, त्यातच तिची चव आहे. एस्प्रेसोत नेमके तेच कण घात करतात. ९ बारचं पाणी सगळ्यात सोपी वाट शोधतं. जाड कणांमधून ते सुसाट जातं, बारीक कणांत अडकून बसतं, आणि एकाच कपात आंबटही लागतं आणि कडूही. म्हणून घरचा मिक्सर इथे उपयोगाचा नाही. पाती बी तोडतात, दळत नाहीत. दोन दातेरी चकत्यांमधून बी भरडत जाणारा बर ग्राइंडर लागतो, आपल्या जात्यासारखा. तोही असा, ज्याची खूण एक घर हलवली की कॉफी तीन-चार सेकंदांनी हळू किंवा जलद उतरेल.

हाताने फिरवायचे असे ग्राइंडर साधारण आठ ते पंधरा हजारांत मिळतात. १८ ग्रॅम बी दळायला मिनिटभर लागतं आणि हाताला थोडा व्यायाम होतो. विजेवरचे चांगले ग्राइंडर वीस हजारांच्या पुढे सुरू होतात. (किमती सगळीकडे ढोबळच देतोय, सेल आणि डॉलरबरोबर त्या हलतात.) माझं मत ठाम आहे: तीस हजार खर्चायचे असतील तर बारा हजार ग्राइंडरला, पंधरा मशीनला, उरलेल्यात ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा, दुधाचा स्टीलचा जग आणि टीडीएस मीटर. सगळे तीस मशीनवर घालून बाजारातली दळलेली पावडर आणलीत, तर दहा हजारांच्या मशीनइतकीच कॉफी मिळेल.

बियांसाठी आपल्याला लांब जायला नको. देशातली साधारण ७० टक्के कॉफी शेजारच्या कर्नाटकात पिकते, आणि बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणल्याची कथा ज्या डोंगरांशी जोडलेली आहे, ते चिकमगळूरचे डोंगरही तिथलेच. पाकिटावर भाजल्याची तारीख असलेलंच घ्या. भाजल्यापासून साधारण आठवडा झाल्यावर उघडा, महिन्या-सव्वा महिन्यात संपवा. नवशिक्यांनी मध्यम ते गडद भाजलेली घ्यावी, ती चुका पोटात घालते. रोबस्टा ही कॉफीची जात थोडी मिसळलेली असली तरी नाक मुरडू नका, आपला उत्तम रोबस्टा इटालियन मिश्रणांत वापरला जातो. मात्र चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पावडर ह्या मशीनमध्ये नको. चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते आणि जाळी बुजवते. तिची जागा पितळी फिल्टरमध्ये, आणि तिथे ती उत्तमच लागते.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो. तेव्हा पाव किलोचं पाकीट आलं की ते चार छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यांत वाटा, तीन फ्रीझरमध्ये, एक बाहेर. फ्रीझरमधला डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडायचा नाही. खोलीच्या उष्णतेला आला की मगच उघडा, नाहीतर बियांना पाणी सुटतं.

पायरी ५ : आता मशीन

आता दुकानात जाऊ. सगळ्या खोक्यांवर ‘१५ बार’ लिहिलेलं दिसेल. त्याला भुलू नका. ती पंपाची कमाल ताकद आहे, कॉफीला ९ च लागतात. स्वस्त आणि महाग मशीनमधला खरा फरक तीन गोष्टींत आहे. पाणी ठरलेल्या तापमानाला किती टिकून राहतं, कॉफी आणि वाफ ह्यांच्यामध्ये किती थांबावं लागतं, आणि मोडलं तर दुरुस्त होतं का.

आधी दहा ते तीस हजारांतलं पंपाचं मशीन पाहू. डेलाँगी डेडिकासारखी मशीन ह्या गटात येतात. आत पाणी तापवायला थर्मोब्लॉक असतो, म्हणजे तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून जाणारी वळणावळणाची नळी. एका मिनिटात तापतं, जागा कमी घेतं. पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायची मुठीची वाटी, बहुधा ५१ मिलिमीटरची असते. तिच्यात येणारी बास्केट दुहेरी तळाची असते. वरच्या तळाला पुष्कळ छिद्रं, खालच्याला एकच सुईच्या टोकाएवढं. दाब कॉफीच्या थरात तयार न होता त्या एका छिद्राशी तयार होतो, आणि तिथून जोरात बाहेर पडताना फेस होतो. म्हणून जुनी, जाडसर पावडर घातली तरी वर क्रेमासारखं काहीतरी दिसतं. नवशिक्याला ही सोय आहे, पण पुढे हीच भिंत होते, कारण ग्राइंडर कितीही सुधारला तरी कपात फरक पडत नाही. त्यामुळे मशीन घेतानाच त्याला एकेरी तळाची बास्केट बसते का, मिळते का, ते विचारा. सात-आठशे रुपयांच्या त्या जाळीने साधं मशीन एकदम वरच्या इयत्तेत जातं.

ह्या गटाची दुसरी मर्यादा तापमानाची. कॉफीला ९० ते ९६ अंशांच्या दरम्यानचं पाणी लागतं. लहान ठोकळ्यातून गार पाणी वाहू लागलं की तापमान घसरतं, म्हणून पहिला आणि दुसरा कप सारखा लागत नाही. उपाय साधा आहे: कॉफी न घालता एकदा नुसतं गरम पाणी पोर्टाफिल्टरमधून कपात काढा, म्हणजे धातू तापतो आणि कपही गरम होतो. दूध फेसाळल्यावर मात्र उलटं. वाफेसाठी मशीन १२० अंशांच्या वर गेलेलं असतं. लगेच कॉफी काढलीत तर ती करपते. आधी थोडं पाणी सोडून ते थंड करायचं.

पन्नास हजार ते लाखाच्या आसपासच्या गटात दोन घराणी आहेत. एक गाजिया क्लासिक (१९९१) आणि रांचिलिओ सिल्विया (१९९७) यांचं. एकच बॉयलर, ५८ मिलिमीटरचा जड पोर्टाफिल्टर, हॉटेलच्या मशीनसारखे सुटे भाग, आणि आत तीन वाटांचा व्हॉल्व्ह. कॉफी झाल्यावर उरलेला दाब हा व्हॉल्व्ह मागच्या वाटेने सोडून देतो, म्हणून चोथा कोरडा, वडीसारखा निघतो. स्वस्त मशीनमध्ये तो नसतो. तिथे कॉफी झाल्या झाल्या मूठ फिरवलीत तर गरम चोथा अंगावर उडू शकतो. अर्धा मिनिट थांबा, लहान मुलांना बाजूला ठेवा. दुसरं घराणं ब्रेव्हिल बरिस्टा एक्स्प्रेससारख्या मशीनचं: ग्राइंडर आतच, ५४ मिलिमीटरची मूठ, आणि तापमान एक-दोन अंशांत धरून ठेवणारं पीआयडी नावाचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. मांडणी नेटकी, शिकायला सोपं. पण ग्राइंडर बिघडला तर सगळं मशीनच दुरुस्तीला जातं.

एकच बॉयलर असलेल्या मशीनबद्दल माझं मत जरा कडक आहे. काळी कॉफी पिणाऱ्या एक-दोघांसाठी ती पिढीभर टिकणारी, सुंदर यंत्रं आहेत. चार जणांच्या दूधवाल्या घराला मात्र मी ती सुचवत नाही. कॉफी काढा, वाफेच्या तापमानाची वाट पाहा, दूध करा, पाणी सोडून थंड करा, पुन्हा कॉफी. चौथा कप होईतो पहिला गार होतो. सुरुवातीचा उत्साह असतो तोवर चालतं, मग मशीनवर फडकं पडतं आणि घर परत चहावर येतं.

दीड-दोन लाखांच्या पुढे हीट एक्स्चेंजर आणि ड्युअल बॉयलर सुरू होतात. हीट एक्स्चेंजरमध्ये वाफेच्या मोठ्या बॉयलरच्या पोटातून कॉफीच्या पाण्याची वेगळी नळी जाते. ड्युअलमध्ये दोन स्वतंत्र बॉयलर, एक कॉफीचा ९३ अंशांचा, एक वाफेचा. दोन्हींत कॉफी आणि दूध एकाच वेळी होतं. ला मार्झोक्को लिनेआ मिनी (२०१५) हे ह्या वाटेचं जवळजवळ शेवटचं टोक, किंमत लाखांत. काहींत रोटरी पंप असतो, त्याचा आवाज इतका कमी की पहाटे घरातली झोपलेली माणसं उठत नाहीत. पण ई६१ची मशीन पूर्ण तापायला २५-३० मिनिटं लागतात, वजन वीस-पंचवीस किलोच्या घरात, आणि ओट्यावरचं कपाट आड येतं. खरेदीआधी ओट्याची खोली आणि कपाटापर्यंतची उंची टेपने मोजा. पाण्याची टाकी वरून भरायची असेल तर मशीनच्या उंचीवर आणखी वीतभर जागा लागते.

आता माझा सल्ला. दिवसाला एक-दोन काळे कप असतील तर दहा-पंधरा हजारांचं पंपाचं मशीन, एकेरी बास्केट आणि चांगला हातग्राइंडर. किंवा विजेशिवाय चालणारं हाताच्या दांड्याचं मशीन, ज्यात किटलीतलं उकळतं पाणी घालून आपणच दाब द्यायचा. कपातली चव लाखाच्या मशीनच्या तोडीस तोड येते, वेळ मात्र द्यावा लागतो. दूधवाल्या मोठ्या घराने घाई करू नये. वर्षभर स्वस्त मशीनवर हात बसवावा, पैसे साठवावेत, आणि मधला टप्पा सोडून थेट दोन बॉयलरकडे जावं. तेव्हाही ग्राइंडर तोच चालतो.

पायरी ६ : दुकानदाराला विचारायचं

सर्व्हिस सोलापुरात होते की मशीन पुण्याला पाठवावं लागतं? पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या वर. जाण्या-येण्याचं भाडं कोणाचं? ग्रुपचं, म्हणजे मशीनवर मूठ अडकते त्या भागाचं, रबरी गॅस्केट, तिथून पाणी पडतं ती शॉवरची जाळी, पंप हे सुटे मिळतात का? खोकं आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.

पायरी ७ : पहिला आठवडा

एकेरी बास्केट ५८ मिलिमीटरची असेल तर १८ ग्रॅमपासून सुरुवात करा, ५१ ची असेल तर १४-१५ पासून. कपात दुप्पट वजन यायला हवं, म्हणजे १८ चे ३६ ग्रॅम, आणि वेळ २५ ते ३० सेकंद. दळलेल्या कॉफीत गाठी असतात. बाटलीच्या बुचात तीन-चार बारीक सुया खोचून त्याने ती हलकेच मोकळी करा, मग सपाट, तिरकं न होऊ देता दाबा. कप काट्यावर ठेवा, बटण दाबा आणि बघत राहा.

पहिले सहा-सात सेकंद काहीच येत नाही. मग जाळीच्या कडेला काकवीसारखे गडद थेंब धरतात. ते एकत्र येतात आणि एकतारी पाकासारखी बारीक, जराशी हलणारी धार लागते. रंग काकवीवरून तांबूस, तांबूसवरून फिकट पिवळसर होत जातो. पिवळं दिसू लागलं आणि काटा ३६ वर आला की बंद. दहा सेकंदांत भसाभस ३६ ग्रॅम आले आणि आंबट लागलं, तर दळण बारीक करा. चाळीस सेकंद थेंबथेंब पडलं आणि घशाशी कडू लागलं, तर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. रोज दोन कप काढलेत तर चौथ्या-पाचव्या दिवशी एक कप असा येईल की साखर घ्यायला उठलेला हात थांबेल.

दूध फ्रिजमधलं गारच घ्या. आपल्याकडे दूध तापवून ठेवायची पद्धत आहे. ते चालतं, पण साय गाळून घ्या, नाहीतर फेसात तंतू येतात. म्हशीचं दूध दाट आणि गोडसर लागतं, पण नवशिक्याला गाईच्या किंवा टोन्ड दुधाचा फेस आधी जमतो. नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवा. कापडदुकानात माप घेऊन कापड फाडताना येतो तसा हळू चर्र आवाज आला पाहिजे. चार-पाच सेकंदांनी टोक जरा आत बुडवा आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. जग तळहाताला धरवेना झाला की थांबा, ६० ते ६५ अंश झालेत. त्यापुढे दूध शिजल्यासारखं लागतं.

नळी त्याच क्षणी पुसायची. अर्ध्या मिनिटात दूध तिच्यावर वाळून चिकटतं. त्यासाठी आपल्याइतकं सोयीचं गाव नाही. पूर्व भागातून आणलेले सोलापुरी टर्किश नॅपकिन मी डझनाने ठेवतो. एक ओला, फक्त नळीसाठी. एक कोरडा, बास्केट पुसायला. पुसून झालं की एक सेकंद वाफ सोडा, म्हणजे आत गेलेलं दूध बाहेर येतं.

पायरी ८ : निगा

रोज शेवटचा कप झाला की कॉफीशिवाय पाणी सोडून जाळी धुऊन काढा. तीन वाटांचा व्हॉल्व्ह असलेल्या मशीनमध्ये आठवड्यातून एकदा बिनछिद्राची बास्केट लावून पाणी उलटं फिरवा, महिन्यातून एकदा त्यासाठीच्या पावडरीने. व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनवर हे करू नका, दाबाला वाट मिळत नाही.

पाणी वरच्या हिशेबाने मिसळलंत तर लहान मशीनचा क्षार तीन-चार महिन्यांनी काढला तरी पुरतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्व २० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून अर्धं मशीनमधून सोडा, पंधरा मिनिटं थांबा, उरलेलं सोडा, मग दोन टाक्या साधं पाणी. आधी माहितीपुस्तिका वाचा. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर कंपनीचंच द्रावण वापरा. दोन बॉयलरच्या मशीनचा क्षार घरी काढायचा खटाटोप नको, ते काम तंत्रज्ञाचं.

ग्रुपमधलं रबरी गॅस्केट वर्ष-दीड वर्षात कडक होतं. मूठ नेहमीपेक्षा जास्त फिरवावी लागते आणि कडेने पाणी गळतं, ही त्याची खूण. मशीन थंड असताना जुनं गॅस्केट पेचकसाच्या टोकाने हळूहळू उचकटा, खाच जुन्या टूथब्रशने घासा, नवं बसवा. जुनं मात्र लगेच टाकून देऊ नका. पुढचं मागवताना जाडी मोजायला तेच हाताशी लागतं, कारण ८ आणि साडेआठ मिलिमीटरची गॅस्केट दिसायला सारखीच असतात.